सावळ्या देवाला दिलेला निळा रंग



संपादक मंडळाने मला दिंडीच्या इतिहासावर चार पाने लिहायला सांगितली. पहिल्या वारीला कोण कोण होते, पालखी कोणी केली, विणा कोणाकडून कोणाकडे गेला, हे सगळे दुसऱ्या लेखांत आले आहे आणि माझ्यापेक्षा चांगल्या माणसांनी लिहिले आहे. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. मला रंगांतले थोडे कळते, म्हणून रंगांवरच लिहितो. दुसरे कारणही आहे. गेल्या माघात शताब्दीच्या तयारीची बैठक देवळात बसली तेव्हा एका तरुण वारकऱ्याने सूचना मांडली, की मूर्तींचा रंग जागोजागी उडाला आहे, शंभर वर्षांच्या निमित्ताने नवा रंग देऊन घेऊ, पेंटरचा अंदाजही आणला आहे. दोघाचौघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. गप्प बसण्याचे कारण तिथे सांगता आले नाही, ते इथे सांगतो. मूर्तींवर आज जो रंग आहे तो मी दिलेला आहे.

१९७९ ची गोष्ट. धनज तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, हातात नवा पगार आणि डोक्यात नवी विद्या. आषाढीला दिंडी निघण्याआधी देऊळ धुऊन काढायचे काम चालू होते. काळ्या दगडाच्या त्या दोन मूर्ती तेलाने, बुक्क्याने, दिव्याच्या धुराने इतक्या काळ्या झाल्या होत्या की नाक-डोळे ओळखू येत नव्हते. कोणीतरी म्हणाले, गुरुजी, तुम्ही कलाकार आहात, देवाला जरा रूप आणा. मी कारंज्याहून ऑइल पेंटचे डबे आणले. घरात एक कॅलेंडर होते, ते समोर टांगले आणि तसाच रंग दिला. विठ्ठल निळा, आभाळी छटेचा. रखुमाई गुलाबी. पीतांबर पिवळा, ओठ लाल, बुबुळे काळी, कपाळावर पांढरा टिळा. दोन दिवस लागले. गाव बघायला आले. मला नारळ दिला.

माझी आजी सगळ्यांत शेवटी आली. तेव्हा तिची पंचाहत्तरी होऊन गेलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. तिने नेहमीप्रमाणे पायांना हात लावला आणि हात मागे घेतला.

"हा कोनाचा देव आनला रे बापू? आपला काया इठोबा कुठी गेला?"

"आजी, तोच हाय. रंग देला म्या."

"लोखंडी कपाटावानी लागते," एवढेच ती म्हणाली आणि टेकत टेकत घरी गेली.

मी तेव्हा हसलो होतो. अडाणी म्हातारी, असे मनात म्हटल्याचेही आठवते. तिचे वाक्य समजायला मला चाळीस वर्षे आणि बरीच पुस्तके लागली.

आपल्या बोलीत ळ चा य होतो, त्यामुळे आजी 'काळा' म्हणायची नाही, 'काया' म्हणायची. काया विठोबा. बाहेरगावचे हसतात, पण मला आता त्या शब्दात दोन्ही अर्थ ऐकू येतात. देवाचा रंग हीच त्याची काया.

आता पहिले कोडे बघा. आपला देव काळा, सावळा. संतांनी त्याला सावळाच म्हटले. आणि त्याचे नाव पांडुरंग! पांडु म्हणजे फिकट, पांढरा. काळ्या देवाला पांढऱ्या रंगाचा का म्हणायचे? कीर्तनात याची उत्तरे पुष्कळ ऐकली आहेत. गाईंच्या खुरांची धूळ उडून कृष्णाचे अंग पांढरे झाले, हे त्यातले मला सगळ्यांत आवडते. अभ्यासकांचे उत्तर वेगळे आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात दाखवले आहे, की हे नाव आधी गावाचे, मग देवाचे. कानडी मुलखात त्या क्षेत्राला 'पंडरगे' म्हणत, त्याचे संस्कृत रूप करताना पांडुरंग झाले. इ.स. ५१६ च्या एका ताम्रपटात पांडुरंगपल्ली असे गावाचे नाव येते आणि ते पंढरपूरच असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे त्या नावातला रंग देवाच्या अंगाचा नव्हेच.

यावर माझी एक कल्पना, ती शास्त्र म्हणून घेऊ नका. आपल्या शेतकऱ्यांच्या जुन्या बोलीत गावाला दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वऱ्हाडातली काळी तर कापसासाठी जगभर गाजलेली. पंढरी हे नाव ऐकले की मला पांढरी आठवते आणि त्या पांढरीत विटेवर उभा असलेला काळा देव म्हणजे वस्तीत येऊन उभे राहिलेले शेत वाटते. व्युत्पत्ती म्हणून हे टिकणार नाही. पण पेरण्या आटोपून किंवा अर्धवट टाकून वारीला निघालेल्या माणसाला हे पटेल.

दुसरी गोष्ट, काळा आणि सावळा हे एक नव्हेत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक रंग आणि एक देवता दिली आहे. हास्य पांढरा, करुण कबुतरी, रौद्र लाल, वीर गोरा, अद्भुत पिवळा, बीभत्स निळा. भयानक रस काळा, 'कृष्ण', आणि त्याची देवता काळ. शृंगार मात्र 'श्याम', आणि त्याची देवता विष्णू. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथाने भीतीचा काळा आणि प्रेमाचा सावळा वेगळे काढून ठेवले आहेत, आणि निळाही या दोहोंहून वेगळा. श्याम म्हणजे पावसाने भरलेल्या ढगाचा रंग. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेला जे उठते ते. ज्याने त्याची वाट पाहिली आहे त्याला तो रंग प्रेमाचा का, हे समजवावे लागत नाही.

मग निळा आला कुठून? तो माझ्या कॅलेंडरातून आला, आणि कॅलेंडरात चित्रकारांच्या गरजेतून. मी स्वतः वर्गात मुलांना हेच शिकवले आहे, की काळ्यावर छाया दाखवता येत नाही. काळा चेहरा काढला की नाक, गाल, हनुवटी सगळे बुडते. निळ्यात मात्र उजेड-सावली दोन्ही दिसतात. जुन्या लघुचित्रकारांनी कृष्णाला निळा केला तो याच सोयीने, आणि घननीळ म्हणण्याची परंपरा त्यांच्या पाठीशी होतीच. पण ती चित्रे राजवाड्यांत. गावोगावच्या भिंतीवर निळा देव गेला तो छापखान्यांमुळे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली आणि देवादिकांची रंगीत चित्रे स्वस्तात छापली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावला सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि मग फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. शिळाप्रेसवर एकेका रंगासाठी एकेक दगड वेगळा तयार करावा लागे. म्हणजे देवाचा निळा दगड वेगळा, पीतांबराचा पिवळा वेगळा. नंतर रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकारांची कॅलेंडरे दुकानादुकानांतून घरोघर गेली.

या चित्रांना मी नावे ठेवणार नाही. देवळाच्या पायरीपाशीही ज्यांना उभे राहू देत नव्हते, त्यांच्या घरात देव आला तो दोन आण्यांच्या छापील चित्रातून. पंढरपूरचे मंदिर सगळ्यांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले. छापलेला देव त्याच्या कितीतरी आधी सगळ्यांच्या भिंतीवर पोचला होता. तेव्हा चित्रातला निळा चुकलेला नाही. चूक माझी, की कागदावरची सोय मी दगडावर नेली. दगडाला छाया रंगवावी लागत नाही. समईची वात हलली की छाया आपोआप हलते.

आता दिंडीचे रंग पाहू. आपल्या पताका पूर्वी कशा रंगवत हे आजच्या मुलांना ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवतो. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मोठे आबाजी म्हणत असू, ते ज्येष्ठात मांजरपाटाचे कापड आणायचे. काव, म्हणजे गेरू, पाट्यावर वाटायची, रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, थोडा डिंकाचा चिकटा घालायचा आणि त्यात कापड बुडवून सावलीत वाळवायचे. हा मातीचा रंग. लोह असलेली माती, दुसरे काही नाही. पहिल्या मोठ्या पावसात तो ओघळायचा. पताका वाहणाऱ्याचा खांदा, सदरा, कधी दाढीसुद्धा तांबडी व्हायची. पंढरपूर येईस्तोवर पताका फिकट आणि माणसे भगवी! आता तयार पताका मिळतात, रंग जात नाही, अंधारातही चमकतात. सोय आहे, तक्रार नाही. पण त्या रंगाला मातीचा वास नाही एवढे खरे. आपल्या शेजारी मानोरा तालुक्यात पोहरादेवीला बंजारा बांधव सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा लावतात. एकाच जिल्ह्याच्या आभाळात आपली काव आणि त्यांचा पांढरा, दोन्ही फडकतात, आणि दोन्ही दुरून ओळखू येतात. झेंड्याच्या रंगाचे मूळ काम तेच.

गोपीचंदन ही पिवळसर पांढरी माती, द्वारकेकडची. उगाळायची, कपाळावर उभी रेघ ओढायची, संध्याकाळपर्यंत घामाने जाते. आणि बुक्का. बुक्क्यावर मला थांबायचे आहे.

बुक्का काळा. कोळशाच्या बारीक पुडीत नागरमोथा, वाळा, कचोरा, दवणा अशी सुगंधी द्रव्ये घालून करतात. उत्तरेत अबीर म्हटले की पांढरी किंवा रंगीत पूड समजतात, आपल्याकडे अबीर म्हणजे काळा बुक्काच. शुभकार्यात काळे चालत नाही, लग्नात काळी साडी चालत नाही, संक्रांतीची चंद्रकळा तेवढी अपवाद. असे असताना आपण कपाळावर, तेही अगदी मधोमध, काळी पूड लावतो. का? देव काळा म्हणून, असे सरळ उत्तर आहे. त्याचा रंग आपल्याला लागावा.

पण याचा अर्थ मला आजीकडून कळला. आजोबा गेले तेव्हा माझे वडील सहा वर्षांचे होते आणि आजी तिशीच्या आतबाहेर. त्या काळाच्या रीतीने तिचे कुंकू गेले. हळदीकुंकवाला बोलावणे बंद, लग्नात मागे उभे राहायचे. लाल रंगच तिच्या आयुष्यातून काढून घेतला. राहिला तो बुक्का. मोकळ्या कपाळाने फिरू नये म्हणून विधवा बायका बुक्का लावत, हे जुन्या लोकांना आठवत असेल. गावात तो बुक्का तिच्या विधवापणाची खूण होता. दिंडीत मात्र सगळ्यांच्याच कपाळावर तो. सवाष्ण, विधवा, पाटील, महार, माळी, विणेकरी, चोपदार, पोरेसोरे, सगळ्यांना एकच टिपका. वारीचा तो महिना तिच्या कपाळावरून तिला कोणी ओळखू शकत नव्हते. ती दरवर्षी का जायची, गुडघे गेल्यावरही का जायची, याचे उत्तर मी भक्ती असे देत आलो. भक्ती होतीच. पण महिनाभर सगळ्यांसारखे कपाळ मिळते, हेही असणार. तिला मी कधी विचारले नाही. आता विचारता येत नाही.

तिच्या देवाचा काळा रंग मी निळ्याने झाकला, तेव्हा काय झाकले हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

रंगाच्या बाबतीत आपल्या भागाचा आणखी एक दाखला आहे. गुलाबराव महाराज (१८८१–१९१५), अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे. तान्हेपणीच दृष्टी गेली. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानून त्यांनी मधुराभक्ती केली, कुंकू आणि मंगळसूत्र ल्याले. ज्या माणसाला लाल म्हणजे काय हे आठवतही नव्हते त्याने कुंकू लावले, आणि ज्याने काळा-निळा कधी पारखला नाही त्याने श्यामसुंदराला वरले. रंग डोळ्यांनीच बघायचा असतो असे समजणाऱ्या माझ्यासारख्या ड्रॉइंग मास्तरने यावर जास्त न बोललेले बरे. आजीनेही मोतीबिंदूच्या डोळ्यांनी नव्हे, बोटांनीच रंग ओळखला होता.

पंढरपुरात देवाला रंग लागत नाहीत का? लागतात, भरपूर लागतात. वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख असतो आणि त्यावर गुलाल-केशर उधळतात. उन्हाळ्यात चंदनाची उटी लावतात. रोज बुक्का, रोज तुळशी, रोज वेगळ्या रंगाची वस्त्रे. पण यातला एकही रंग दुसऱ्या दिवशीच्या स्नानाला उरत नाही. काव ओघळते, गोपीचंदन घामाने जाते, बुक्का पुसतो, गुलाल धुतला जातो. लावायचा, उतरवायचा, पुन्हा लावायचा, ही सेवा. मी दिलेला रंग उतरत नाही. त्यामुळे तो सेवेत बसत नाही, असे माझे मत झाले आहे.

शेंदराची रीत निराळी, तो थरावर थर चढतो. वणीच्या सप्तशृंगी देवीवरचा शेंदराचा थर २०२२ साली तज्ज्ञांकडून काढला, तो हजार किलोहून जास्त भरला, आणि आतून जे रूप निघाले ते आजच्या कोणी पाहिलेले नव्हते. शिरपूर तर आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीचा लेप आणि पूजेची पद्धत यावरून जैन समाजाच्या दोन पंथांत वाद झाला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९२९ ला तिथला निकाल लागला, तरी वाद मिटला नाही आणि १९८१ पासून चाळीस वर्षांहून जास्त काळ देव कुलपात राहिला. बाजू कोणाची खरी हा आपला विषय नाही. मूर्तीवरचा पातळसा थर किती जड असू शकतो, एवढ्यासाठी सांगितले.

पंढरपूरच्या मूर्तीलाही वज्रलेप होतो. अभिषेकांनी झीज झाली म्हणून २०२० साली आषाढीच्या आधी पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तो केला. पण तो दगड टिकावा म्हणून, दगड लपावा म्हणून नव्हे. आणि २०२४ साली मार्च ते जून पायांवरचे दर्शन बंद ठेवून गाभाऱ्याचे काम झाले तेव्हा नंतर बसवलेल्या फरशा आणि चांदी काढून जुना दगड उघडा केला. त्या वर्षी वारीला गेलेल्यांनी आत शिरताच फरक पाहिला असेल. आपल्यातल्या एका माळकऱ्याने मला सांगितले, "गुरुजी, देऊळ म्हातारं नाई दिसलं, मोठं दिसलं."

ऑइल पेंटबद्दल एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. तो दगडावर रबरासारखा पडदा धरतो. पायातून वर चढलेली ओल आत अडकते आणि मग पापुद्रे सुटतात. आपल्या मूर्तींचा रंग 'उडाला' तो जुना झाला म्हणून नुसता नाही, आतून ढकलला जातोय. नवा थर दिला तर तोही सुटेल, आणि तेव्हाचे शताब्दी मंडळ पुन्हा अंदाजपत्रक मागवील.

तेव्हा बैठकीत जे बोललो नाही ते आता मागतो. नवा रंग देऊ नये. जुना काढावा, पण घाईने नाही. सॅंडपेपर, कॉस्टिक सोडा, ॲसिड यांना कोणी हात लावू नये. दगडाच्या जाणकारांना आधी दाखवावे आणि ते म्हणतील तेवढे थांबावे. येणारा खर्च मी माझ्या पेन्शनमधून देईन, ही वर्गणी नाही, माझी बाकी आहे. ज्या तरुणाने अंदाज आणला त्याच्यावर कोणी रागावू नये. त्याच्या वयात मी अंदाजही न मागवता रंग दिला होता. लहानपणापासून त्याने निळाच विठोबा पाहिला आहे, त्याला तोच आपला वाटणार. त्याचा देव आपण काढून घेतो आहोत, हेही ध्यानात ठेवून त्याच्याशी बोलावे. मी बोललो. तो म्हणाला, "काका, खाली खरंच काया हाय का?"

त्याला घेऊन देवळात गेलो. दुपारची वेळ, कोणी नव्हते. पेचेचाळीस वर्षांत सगळ्या गावाने पायांना हात लावून लावून अंगठ्यांवरचा रंग पार झिजवला आहे. तिथे बेचक्यात बोटभर जागा उघडी आहे, काळी, तेलकट, थंड. त्याने तिथे बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.